डिझाइन मराठीच्या वर्गात

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मराठी शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने सगळ्या शाखांच्या मुलांसाठी डिझाइनचा दोन क्रेडिटचा ऐच्छिक पेपर ठेवायचं आमच्याकडे घाटतंय. सहकारी विचारतात, ज्यांना चित्रं काढता येत नाहीत त्यांनी हे का शिकायचं? आणि शिकवणार कोण?
– एक प्राध्यापिका, कोथरूड

उत्तर : पेपर जरूर ठेवा, आणि शिकवायला तुम्हीच घ्या.

मी बरीच वर्षं अभियांत्रिकीच्या मुलांना डिझाइन शिकवलं. हात चांगला असलेली मुलं पुष्कळदा पहिल्याच रेखाटनावर खूश होऊन थांबतात. ज्याला माणसांशी बोलता येतं, ऐकलेलं नेमकं लिहून काढता येतं, तो पुढे जातो. हे तर तुमच्याच विषयाचं काम आहे! संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक करणारे र. कृ. जोशी कवीही होते आणि सुलेखनकारही.

आपल्याकडे हा विषय नेहमीच्या विद्यापीठांबाहेर वाढला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ची, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९चं. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांच्या तो वाट्यालाच आला नाही. खरं तर १९६९मध्येच अमेरिकी विचारवंत हर्बर्ट सायमन सांगत होते की, आहे ती परिस्थिती हवी तशी व्हावी म्हणून जो आखणी करतो तो डिझाइनच करत असतो; मग तो औषध लिहून देणारा डॉक्टर का असेना. पुढे त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. तुमच्या वाणिज्य शाखेतल्या सहकाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

मला काळजी आहे ती वेगळीच. ‘डिझाइनची व्याख्या लिहा, टप्पे सांगा’ असा पेपर होणार असेल, तर तो नसलेला बरा. क्रेडिट प्रात्यक्षिकाचे मागून घ्या. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला पंधरा तास मिळतात, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला तीस. म्हणजे साठ तास हाताशी येतात. तेही सलग दोन-दोन तासांचे लावून घ्या. पन्नास मिनिटांत मुलांनी कागद पसरेपर्यंत घंटा होते.

काम एकच द्या. मुलांना पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, थांब्यावर पाठवा. मार्गफलक किती उंचीवर आहे ते मोजू दे, चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना तो कुठून वाचता येतो ते पाहू दे, कंडक्टरला लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपू दे. मग पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा फलक करायचा, थांब्यावरच्या लोकांना दाखवायचा, ते अडखळले की बदलायचा. किमान तीन वेळा. मराठी मजकूर आखडता कसा घ्यायचा, ‘मनपा’ म्हटलेलं नवख्याला कळतं का, यावर तुमच्याइतकं नेमकं कोण बोलेल?

गुण सगळ्या वर्गासमोर ज्युरी घेऊन द्या. एका बाजूला चित्रकला महाविद्यालयातले कुणी आणि दुसऱ्या बाजूला रोज बसने येणारं कुणी बसवा. पहिला फलक आणि शेवटचा फलक शेजारी ठेवून, मधले बदल कशामुळे केले ते मुलांना विचारा. निम्मे गुण त्या उत्तराला ठेवा.