पोकळी दिसली म्हणून सिमेंट कालवू नका

खोडात पोकळी दिसली की हात शिवशिवतात, कबूल. मीही एकदा पटाशीनं आतलं सगळं खरवडून काढलं आणि शिवाय पाणी निघून जावं म्हणून खाली भोकही पाडलं. चुकलंच ते. झाड आपल्या कातडीसारखी जखम भरून काढत नाही, कोंडून टाकतं. कुजक्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वन खात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं चिरून हे दाखवलं. माझ्या भोकानं नेमकी ती भिंत फोडली.

तेव्हा हातानं सुटेल तेवढाच भुसा काढा, घट्ट लाकूड लागलं की थांबा. पोकळी बुजवायला सिमेंट तर नकोच. झाड वाऱ्यावर हलतं, सिमेंट हलत नाही. डांबर नि रंगानंही कूज थांबत नाही, फक्त आपल्याला बरं वाटतं.

जखमेच्या कडेनं नव्या लाकडाची गुबगुबीत वळी आत सरकताना दिसतेय? तिला धक्का लावू नका. मध्ये जुन्या फांदीचा वाळका खुंट उरला असेल तर वळीला न दुखावता तेवढाच कापा. यापुढे एखादी फांदी छाटताना बुडाशी जो सुरकुतलेला फुगवटा असतो, त्याच्या बाहेरून करवत चालवा; खोडालगत सपाट नको.

लाकडी हातोडीनं ठोकून बघा. पोकळ वाजलं म्हणजे झाड गेलं असं नाही. पण बुंध्याशी अळंबी उगवली किंवा मुळांजवळची माती उचलली गेली, तर जाणकाराला लगेच दाखवा.