यिद्दिश वृत्तपत्रं वाचायला घेताय? मग एवढं करा

यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिची लिपी शिकून थेट न्यूयॉर्कची जुनी वृत्तपत्रं उघडताय, फार आनंद झाला. सुरुवातीला बहुतेक जण अग्रलेखावर तुटून पडतात आणि आठवड्यात थकतात. तुम्ही 'फोरवर्ट्स' या न्यूयॉर्कच्या यिद्दिश दैनिकातल्या 'बिंटल ब्रीफ' या सदरापासून सुरू करा. १९०६ पासूनची ही वाचकांची पत्रं, भाषा घरगुती. जुन्या जर्मन वळणाच्या स्पेलिंगमध्ये 'हे' आणि 'अयिन' ही अक्षरं जास्तीची दिसतील. शब्दकोशात शब्द सापडला नाही तर ती काढून पुन्हा शोधा.

दुसरी चूक म्हणजे 'मायदेश' म्हटलं की पॅलेस्टाईन समजणं. या वाचकांचं 'घर' म्हणजे विल्ना, मिन्स्क, वॉर्सा ही तेव्हाच्या झारशाही रशियातली शहरं. 'फोरवर्ट्स' १८९७ चं, आणि विल्नात बुंड हा ज्यू कामगारांचा पक्षही त्याच वर्षी स्थापन झाला. संपादक अब्राहम काहान स्वतः झारच्या पोलिसांच्या भीतीने पळून आलेले. तिथल्या संपाची बातमी इथे घरच्या बातमीसारखी का छापली जाते, ते यावरून कळेल.

बातमीवर वृत्तपत्राच्या भूमिकेचा रंग चढतो, म्हणून एकच घटना दोन वृत्तपत्रांत वाचा. ऑगस्ट १९२९ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉनला झालेलं ज्यूंचं हत्याकांड घ्या. न्यूयॉर्कच्याच कम्युनिस्ट यिद्दिश दैनिक 'फ्रायहाइट'ने आधी त्याला पोग्रोम (ज्यूंवरचा सामूहिक हल्ला) म्हटलं, आणि काही दिवसांतच पक्षाच्या भूमिकेनुसार तो अरबांचा उठाव ठरवला. काही लेखक तेव्हा ते दैनिक सोडून गेले. ते अंक ओळीने लावून वाचाच.

आणखी एक: रशियातल्या तारखा जुन्या (ज्युलियन) पंचांगाच्या असू शकतात, विसाव्या शतकात आजच्या पंचांगापेक्षा १३ दिवस मागे. पक्षांतल्या फाटाफुटींचा गुंता सध्या बाजूला ठेवा.