घणसोलीच्या नव्या घरात पहाटे जाग येते, अंग हलत नाही, दाराशी कोणी उभं दिसतं. नोकरी ऐरोलीत, बदलत्या शिफ्टची. घरात काही आहे का?

घरात काही नाही. हा निद्रापक्षाघात आहे, म्हणजे मेंदू जागा झाला पण शरीर अजून झोपेतच अडकलंय. ठाण्यात झोपेच्या तपासण्या करते, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असतं: स्वप्नांची झोप लागली की हनुवटीला चिकटवलेल्या तारेची रेष स्क्रीनवर सपाट होते. स्वप्नात धावताना आपण खरंच पलंगावरून उठू नये म्हणून मेंदूच स्नायू बंद ठेवतो. तेव्हा श्वास मुख्यतः छातीखालच्या पडद्यावर चालतो, म्हणून छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. भीतीचं केंद्र मात्र जोरात चालू असतं, आणि दारामागे टांगलेला शर्टही माणूस वाटतो. 'कोणीतरी आहे' ही जाणीवसुद्धा मेंदूतूनच येऊ शकते. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी फिट्स येणाऱ्या एका तरुणीच्या मेंदूला, डाव्या कानाच्या वरच्या मागच्या भागात, हलका विद्युतप्रवाह दिला, तर तिला पाठीमागे सावलीसारखी व्यक्ती जाणवली. ती गुडघे कवटाळून बसली, तर सावलीही बसून आपल्याला कवटाळतेय असं तिला वाटलं!

तुमच्या ऐरोलीच्या बदलत्या शिफ्ट हे मोठं कारण असू शकतं. झोप पूर्ण करा, उताणं झोपू नका. झटका आलाच तर घाबरू नका, एक बोट हलवायचा प्रयत्न करा; काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत सुटतं.

मात्र दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा हसताना गुडघे एकदम ढिले पडत असतील, तर न्यूरोलॉजिस्टला नक्की दाखवा. तो नार्कोलेप्सी हा वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत.