जुन्या बाजारातली सायकल कुणी 'माझी' म्हटली, तर रस्त्यात देऊन टाकू नका

तुमची पोस्ट वाचली. परवाच्या रविवारी जुन्या बाजारातून २,८०० रुपयांना गिअरची सायकल घेतलीत, पावती नाही, आणि काल सोसायटीच्या गेटवर एकाने अडवून 'ही माझी चोरीला गेलेली सायकल आहे, परवा संध्याकाळी न्यायला येतो' असं सांगितलं. देऊन मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका देऊ. तो माणूस खोटारडा आहे असं मी म्हणत नाही, कदाचित सायकल खरंच त्याची असेल. पण गेटवर, हातोहात, कागदाशिवाय देऊ नका. मी दिली होती, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

२०१३ची गोष्ट. मुलगा सातवीत होता. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी लग्न होऊन पुण्यात आल्यापासून जाते, त्यामुळे बाजार मला नवा नव्हता. लाल रंगाची, मागच्या मडगार्डवर स्टिकर खरवडल्याचा चौकोनी डाग असलेली सायकल १,९०० रुपयांना घेतली. तीनेक आठवड्यांनी वाण्याच्या दुकानासमोर एका गृहस्थाने हँडल धरलं. चांगले कपडे, बोलणं सभ्य. 'ताई, ही माझ्या पुतण्याची सायकल. इथं त्याच्या शाळेचं स्टिकर होतं बघा.' डागावर बोट ठेवलं. चार माणसं जमली. त्यातल्या कुणीतरी 'चोरीचा माल' असं म्हटलं आणि माझे कानच बंद झाले. पिशवी कॅरिअरवरून काढून घेतली आणि सायकल त्यांच्या हातात दिली. नाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही. खरवडलेला डाग तर कुणालाही दिसत होता, हे घरी जाऊन भाजी निवडताना लक्षात आलं.

त्याच संध्याकाळी मी चौकीत गेले. कुठली ते लिहीत नाही. मला एवढंच हवं होतं की मी सायकल घेतली आणि ती अशी-अशी गेली, हे कुठेतरी लिहून राहावं. 'सायकल कुठंय? सायकलच नाही, तर तक्रार कशाची?' मग, 'बाजार आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा.' तिकडे गेले तर, 'तुम्ही राहता तिथल्या चौकीत द्या.' पुन्हा पहिल्या ठिकाणी. मी हाताने लिहिलेला अर्ज घेऊन तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा तो कागद माझ्याच पर्समधून घरी परत आला. टेबलापलीकडच्या माणसाने तो वाचून दोन ओळींची पोच दिली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सामान्य माणूस स्वतःहून खरं सांगायला येतो आणि त्याला हद्द शिकवली जाते.

दोन महिन्यांनी फोन आला. तो विक्रेता दुसऱ्या प्रकरणात सापडला होता आणि त्याच्या वहीत माझा नंबर होता. लहान मुलांचं लाकडी टेबल आलं तर कळवा म्हणून मीच दिला होता. 'ती लाल सायकल घेऊन या, मूळ मालक आलेत.' मालक म्हणजे अकरावीतला एक मुलगा आणि त्याचे वडील. त्यांच्याकडे दुकानाचं बिल होतं, फ्रेमचा नंबर होता. तो 'पुतण्या' आणि त्याचे काका यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. माझ्याकडे सायकल नाही आणि ती कुणाला दिली हेही सांगता येत नाही. 'मग विकली कुणाला?' हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला, ते मोजलं नाही. शेवटी मी त्या वडिलांना ६,५०० रुपये दिले आणि प्रकरण मिटलं. ते सज्जन होते म्हणून मिटलं. चार रजा गेल्या, त्या वेगळ्याच.

आता तुमचं. मी वकील नाही, हे अनुभवाचं आणि नंतर विचारून-वाचून घेतलेलं ज्ञान आहे. ओळखीत वकील असेल तर एकदा बोलून घ्या.

१९३०च्या माल विक्री कायद्यात कलम २७ आहे. ढोबळ अर्थ असा की विकणारा स्वतःच मालक नसेल, तर तुम्ही पैसे मोजले म्हणून तुम्ही मालक होत नाही. त्यामुळे '२,८०० मोजलेत, माझीच' असं भांडू नका. दुसऱ्या बाजूने, चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७) लागायला तो चोरीचा आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं लागतं. रविवारी तुम्हाला माहीत नव्हतं. पण काल गेटवर तुम्हाला सांगितलं गेलं आहे. म्हणून आता ती सायकल विकू नका, भाच्याला देऊ नका, गावाला पाठवू नका. खाली कुणीतरी सुचवलंय तसं 'रंग मारून टाका' तर मुळीच करू नका. तो सल्ला वाचून मला खरंच भीती वाटली.

उद्या तो माणूस आला की सोसायटीचा सेक्रेटरी किंवा शेजारी कुणीतरी सोबत ठेवा. त्याच्याकडे बिल, तक्रारीची प्रत आणि फ्रेमचा नंबर मागा. नंबर त्याने सांगायचा, तुम्ही आधी दाखवायचा नाही. मी नेमकं उलटं केलं होतं, खूण त्याला दिसू दिली आणि त्याने तीच वाचून दाखवली. नंबर जुळला तरी सायकल दोघांनी मिळून चौकीत न्या. खरा मालक याला नाही म्हणणार नाही. तिथे देताना कागदावर लिहून घ्या, सही-शिक्का घ्या. मुद्देमाल म्हणून जमा झाली तर न्यायालयातून मालकाला परत मिळते. मुद्देमाल विनाकारण पडून ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितलेलं आहे. 'चौकीत गेली की पडूनच राहील' अशी भीती मालकाने घातली तर हे सांगा.

आणि अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांची, एकावर पोच. घेत नाहीत म्हणाले तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. थोडक्या पैशांत हे काम होतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तुमच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी 'जुन्या बाजारात सगळा चोरीचाच माल' असं लिहिलंय. ते मला पटत नाही. बुधवारी आणि रविवारी तिथे पथारी टाकणाऱ्यांतले बहुतेक जण भंगारातून, बंद पडलेल्या वर्कशॉपमधून, वाडा पाडताना निघालेल्या सामानातून माल आणतात. माझे सासरे सुतारकाम करायचे. त्यांची निम्मी हत्यारं तिथली. रंधा हातात घेतला की ते आधी पातं काढून उन्हात धरायचे, धारेकडच्या अंगाला गंजाचे खड्डे असतील तर परत ठेवायचे. वरवरचा गंज घासून जातो, खड्डा जात नाही. एका पात्यावर इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का होता, ते ४० रुपयांना मिळालेलं पातं अजून आमच्याकडे चालतं.

म्हणून बाजार सोडू नका, माझा नियम पाळा. ज्या वस्तूला नंबर असतो ती वेगळी: सायकल, मोबाइल, ड्रिल मशीन, लॅपटॉप. ती घेताना रोख देऊन शंभर रुपये वाचवू नका. यूपीआयनेच द्या, म्हणजे नाव, तारीख, वेळ राहते. वस्तूचा, नंबरचा आणि पथारीचा फोटो काढा. नंबर घासलेला असेल तर फुकट दिली तरी नको. मोबाइल असेल तर तिथेच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख-नंबर, काढा आणि केवायएम ही अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा मेसेज इंग्रजीत १४४२२वर पाठवा. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही बघता येतं. विकणारा घाई करायला लागला तर उठा.

बिननंबरी वस्तूंत मात्र मनसोक्त फिरा. सकाळी लवकर जा, चुंबक आणि बारका वजनकाटा खिशात ठेवा. चांदीचा म्हणून दाखवलेला राणीछाप किंवा राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १९४०पासून त्यात चांदी निम्मीच आहे, आणि १९४७चा निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. एका बाजूला राम-सीता-मारुती आणि दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असं असलेलं नाणं कुणी हजारो रुपयांना दाखवलं तर घेऊ नका, कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. पितळेचा पोचा आलेला हंडा पोच बघून सोडू नका. कसब्यातल्या तांबट आळीत पोच निघतो. पण भोक आणि डाग देऊन (झाळून) जोडलेली जागा बघून घ्या.

भावाचं एकच सांगते. विकणाऱ्याची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची असेल तेव्हा उगाच भाव विचारू नका. तुम्ही म्हणाल तो आकडा त्याने मान्य केला तर वस्तू घ्यायचीच. भवानीच्या वेळी भाव ठरवून उठून जाणं मला बरोबर वाटत नाही, त्याचा अख्खा दिवस त्या पहिल्या विक्रीवर असतो.

आज रात्री एवढं करा. सायकल उलटी ठेवा, पेडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या खालचा चिखल रॉकेलच्या फडक्याने पुसा. बहुतेक सायकलींचा नंबर तिथेच ठोकलेला असतो, नसेल तर सीटच्या नळीवर बघा. तो लिहून घ्या, फोटो काढा आणि उद्या संध्याकाळपर्यंत कुणालाही सांगू नका. अर्जाचा मजकूर जमत नसेल तर इथेच लिहा, माझा तेव्हाचा कागद अजून आहे, त्यावरून तुम्हाला करून देते.