एकच चिठ्ठी तीनदा

"देवीचा कौल कुठला आणि माझ्या मनाचा कुठला, हेच कळंना झालंय मॅडम."

समोर बसलेल्या ताईंनी पर्समधून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. आत कॅलेंडरच्या कागदाच्या दोन घड्या, कडांना कुंकू लागलेलं. एकीवर 'सोड', दुसरीवर 'सोडू नको'. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला त्यांनीच परवानगी दिली.)

माहेर करवीर तालुक्यात, दीड एकर ऊस. वडील श्रावणात गेले. दिवसकार्याच्या दिवशी वहिनी बोलून गेली, "आता पाव्हण्यासारखं येत जावा." दिवाळी झाली आणि दादा हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचं लिहून द्यायच्या कागदाचा, मसुदा घेऊन दारात. त्या रात्री ताईंनी ठरवलं, इंचभर सोडणार नाही. दोन दिवसांनी भाच्यानं फोनवर "आत्ती, कवा येणार?" विचारलं, तेव्हा सगळं देऊन मोकळं व्हावंसं वाटलं. असं काही दिवस चाललेलं. शेवटी देव्हाऱ्यापुढं चिठ्ठ्या टाकल्या. 'सोड' निघालं, तर रडू आलं. पुन्हा टाकल्या. 'सोडू नको' निघालं, तर माहेर तुटेल म्हणून छातीत धडधड. तिसऱ्यांदा टाकली ती उघडलीच नाही, तशीच पिशवीत घातली.

निर्णयासाठी देवाला शरण जाणारी माणसं माझ्याकडं बरीच येतात आणि जवळजवळ सगळी हाच प्रश्न विचारतात. मी स्वतः श्रद्धाळू आहे, त्यामुळं 'देवाला मधी आणू नका' असं मी कुणाला सांगत नाही. पण ताईंना विचारलं, "तुम्ही देवीला विचारत होता, की मनातल्यावर तिचा शिक्का मागत होता?" त्या बराच वेळ गप्प होत्या.

भावना खोट्या नसतात. वहिनीच्या शब्दानं जखम झाली, हे खरंच. पण जखम कुठं झाली एवढंच भावना सांगते, पुढं कुठं जायचं ते तिला ठाऊक नसतं. रागच फसवतो असंही नाही. भाच्याच्या मायेत केलेली सहीसुद्धा तितकीच घाईची. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच आहे आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं एकदा नोंदलं की मागं फिरणं फार अवघड. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे वकिलाला कागद दाखवायला लावले. माहिती न घेता देवाला विचारणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं, असं मला वाटतं.

मग पाच शुक्रवार ठरवले. कोल्हापूरच्या अंबाबाईला जायचं, पण 'सोडू का नको' विचारायचं नाही. "मला दिसत नाही ते दाखव," एवढंच म्हणायचं. घरी येऊन वहीत दोन ओळी लिहायच्या: आज मन कसं होतं आणि काय सुचलं. तोवर सही नाही, भांडणही नाही. जे सुचेल ते दादासमोर मोठ्यानं बोलता येईल का, हेही बघायचं. लपवावं लागणारा विचार मी तरी देवाचा मानत नाही.

ते किरणोत्सवाचे दिवस होते. कोल्हापूरकरांना सांगायला नको, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आभाळात ढग असले किंवा वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, तर मधेच थांबतात. ताई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी तोंडावर ऊन पाहिजे, असा माझा हट्ट चाललाय."

वही त्यांनी मला वाचायला दिली. पहिल्या शुक्रवारचं पान नुसतं वहिनीवर. दुसऱ्याला "काही सुचलं नाही, गर्दी होती." तिसऱ्याला दादानं त्यांना कॉलेजला सायकलवर सोडल्याची आठवण, शाई पाण्यानं फुटलेली. चौथ्या पानावर एकच ओळ:

"आईला काय पाहिजे, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही."

आई हयात होत्या. नवऱ्यामागं बायकोही वारस असते, त्यांचाही हिस्सा होता. मसुद्यात त्यांच्यासाठी अंगठ्याची जागा सोडलेली, बस्स. आणि ताईंच्या दोन्ही चिठ्ठ्यांत आई कुठंच नव्हती. रागानं एक चिठ्ठी लिहिली, मायेनं दुसरी. तिसरी लिहायला कुणी तरी थांबायला हवं होतं. ती ओळ देवीनं सुचवली, असं ताई मानतात. मीही मानते.

पाचव्या शुक्रवारी त्या मंदिरातून थेट माहेरी गेल्या. चुलीपुढं बसून आईला विचारलं. आई म्हणाली, "मी हाय तवर वाटणी नको. तिघांची नावं लागू देत. दादा कसू दे. मला दोघांच्या घरात जाता आलं पायजे." दादानं मान खाली घातली. मसुदा त्यानं स्वतःच परत नेला. वारसनोंदीसाठी तिघंही तलाठ्याकडं एकाच रिक्षातून गेले.

वहिनी मात्र अजून नीट बोलत नाही. परवा ताई म्हणाल्या, आता पुढचे शुक्रवार तिच्यासाठी.