लेमूर म्हणजे भूत?

प्रश्न : लेमूर या नावाचा अर्थ ‘भूत’ आहे, हे खरे का? आणि ते माकडच ना?

उत्तर : अर्थ खरा आहे. प्राचीन रोममध्ये भटकणाऱ्या मृतात्म्यांना ‘लेमुरेस’ म्हणत. ९, ११ आणि १३ मे या रात्री घरचा कर्ता पुरुष अनवाणी फिरे आणि मागे न पाहता कडधान्याचे काळे दाणे टाकून त्यांना घालवी. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५४ मध्ये या प्राण्यांसाठी हे नाव वापरले ते रात्रीचा वावर आणि संथ चाल पाहून. भुतासारखा चेहरा किंवा भेसूर आरोळी ही कारणे पुढे लोकांनी जोडली. गंमत म्हणजे त्यातली संथ चाल मादागास्कर बेटावरच्या लेमूरची नव्हेच, ती आपल्याकडच्या, दक्षिण भारत-श्रीलंकेतल्या लोरिस या छोट्या निशाचर प्राण्याची. तेव्हा तोही ‘लेमूर’च गणला जाई. उलट आज सर्वांना ठाऊक असलेला वळेदार शेपटीचा लेमूर प्रामुख्याने दिवसा हिंडतो!

माकड मात्र नव्हे. ओलसर नाक पाहा. खालचे पुढचे दात फणीसारखे जुळलेले असतात, त्यांनी तो केस विंचरतो. पायाच्या दुसऱ्या बोटाला नखाऐवजी खाजवायची नखी असते. लोरिसमध्येही या खुणा सापडतात, कारण दोघे जवळचे नातलग आहेत.