आजीची रोजरी आणि ५३ वेळा तेच तेच

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज बसमध्ये ऐकला, मग इथे कतारला रूमवर येऊन परत ऐकला. रिप्लाय पण तसाच देणार होतो पण रूममधले तिघं झोपलेत, उद्या पहाटे त्यांची ड्युटी, म्हणून टाईप करतोय. लांब होणार आहे, आईला सांग पप्पा परत सुरू झाले.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, आजी रोज साडेसातला टीव्ही बंद करून सगळ्यांना रोजरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, ओटीवर गुडघ्यावर का बसवते आणि ५३ वेळा तेच तेच का बोलायचं, देवाला एकदा सांगून ऐकू येत नाही का. आणि दुसरी तू शेवटी घाईघाईत बोललीस, की रिट्रीटमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रार्थना-शिबिरात, साक्रामेंत आराधनेच्या (वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोरच्या प्रार्थनेच्या) वेळी बाजूच्या सगळ्या मुली रडायला लागल्या, हात वर करून येशू येशू करत होत्या, आणि तुला काहीच झालं नाही, तू वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होतीस, तर तुझ्यात काही प्रॉब्लेम आहे का.

प्रॉब्लेम काही नाही. मी पण पंखा बघणाऱ्यातलाच आहे.

पण आधी आजीचं सांगतो कारण ते सोपं आहे. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आपल्याकडे वसईला संध्याकाळी लाईट हमखास जायची, मग घरातल्या अल्तारासमोर, देव्हाऱ्यासमोर, एक मेणबत्ती आणि बाजूला रॉकेलची चिमणी, मच्छर नुसते पायाला, बावखलातल्या, वाडीतल्या तळ्यातल्या, बेडकांचा आवाज, आणि आजोबा पहाटेच्या लोकलने मोगरा आणि भाजी घेऊन दादरला जाऊन आलेले असायचे म्हणजे साडेतीनला उठलेला माणूस, तो दुसऱ्या रहस्यापर्यंत (येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आणि त्यावर दहा नमो मारिया म्हणजे एक रहस्य) कसाबसा टिकायचा आणि तिसऱ्याला भिंतीला टेकून चक्क घोरायचा. आजी न थांबता, नमो मारिया तोंडात चालूच, हात लांब करून त्यांना चिमटा काढायची आणि आजोबा झोपेतनंच त्या प्रार्थनेचा पुढचा अर्धा भाग, "पवित्र मारिये", बरोबर जागेवर पकडायचे! आम्ही भावंडं हसून हसून मरायचो. संपल्यावर मात्र सगळ्यांनी वयाप्रमाणे हात जोडून मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा, आणि ज्या भावाशी दुपारी मारामारी झालीय त्याच्यासमोर पण उभं राहायचं. रोजरीपेक्षा ते कठीण असायचं.

आता ५३ चा हिशोब. सुरुवातीला ३ नमो मारिया आणि मग दहा दहाची ५ दशकं, एका रहस्याला एक दशक. जुन्या काळी आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी १५ रहस्यं धरली तर १५० नमो मारिया होतात, आणि बायबलमधली स्तोत्रं पण १५०, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनी स्तोत्रांच्या जागी मणी मोजायचे असा तो प्रकार. प्रकाशाची रहस्यं तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, ती गुरुवारची, म्हणून आजी गुरुवारी अजून पुस्तक बघून बोलते, बाकीच्या दिवशी तिला पुस्तक लागत नाही. तुझ्या पणजीला अक्षर येत नव्हतं. तिच्यासाठी ती माळ म्हणजेच बायबल होतं, येशूचा जन्म ते पुनरुत्थान सगळं बोटांच्या टोकावर. घरातली अल्तारावरची लाकडी माळ तिचीच, काही मणी झिजून चपटे झालेत, बघ एकदा हातात घेऊन.

तुझी मैत्रीण म्हणाली ना की बायबलमध्येच लिहिलंय व्यर्थ बडबड करू नका. बरोबर बोलली ती, मत्तयच्या ६ व्या अध्यायात आहे, तिच्याशी भांडू नकोस. फक्त मला वाटतं जोर "व्यर्थ" वर आहे. तेच तेच बोलणं वाईट असतं तर १३६ वं स्तोत्र काढून बघ, २६ ओव्या आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच, त्याची दया सनातन आहे. आणि आपल्या मराठी माणसांना ह्याचं नवल वाटायला नको खरंतर. निर्मळच्या बाजूला माझ्या शाळेतल्या मित्राच्या घरी संध्याकाळी हरिपाठ चालायचा, त्याचे आजोबा टाळ घेऊन बसायचे, इकडे आमची रोजरी, आणि दोन्हीकडची पोरं खेळ अर्धा टाकून बोलावली म्हणून सारखीच वैतागलेली. रेव्हरंड टिळक, आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी ख्रिस्ती भजनं लिहिली ती अभंगासारखीच. आणि त्याच्या कितीतरी आधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनी, म्हणजे एका इंग्रज माणसाने, येशूची सगळी कथा ओव्यांमध्ये लिहून गोव्यात छापली. म्हणजे तुझ्या मैत्रिणी म्हणतात तसं मराठीत प्रार्थना करणं गावठी वगैरे काही नाही हां. इंग्लिशमध्ये कर, गिटार घेऊन कर, मला चालेल, पण लाज वाटून मराठी सोडू नकोस.

उलट आजीला विचार तिच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कशी व्हायची. लॅटिनमध्ये! फादरची पाठ लोकांकडे, तोंड वेदीकडे, आणि काय चाललंय ते कोणालाच कळायचं नाही, बाया मागे बसून आपल्या माळा ओढायच्या, घंटी वाजली की मान खाली. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला परवानगी दिली आणि मग हळूहळू आपल्याकडे मराठी मिस्सा आली. आजी म्हणते पहिल्यांदा वेदीवरून मराठी ऐकलं तेव्हा तिला कसंतरीच झालं, अरे हे तर आपण घरात बोलतो ते शब्द, देव एकदम शेजारच्या वाडीत राहायला आल्यासारखा. पण ती असंही म्हणते की लॅटिनच्या दिवसांत देव नव्हता असं नाही. मी हे दोन्ही वर्षानुवर्षं ऐकलंय आणि मला वाटायचं ही बाई दोन्ही बाजूंनी बोलते.

आता तुझा खरा प्रश्न.

मला ठरवून कधी काही जाणवलं नाही. पहिल्या कोम्युनियनला पांढरा शर्ट घालून उभा होतो आणि डोक्यात फक्त हेच की नंतर बिर्याणी आहे. एकदाच लहानपणी काहीतरी झालं होतं, गुड फ्रायडेला. तुला माहितीये आदल्या गुरुवारच्या मिस्सेतल्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर देवळातली घंटा बंद होते ती ईस्टरच्या जागरापर्यंत, आणि त्या दोन दिवसांत लाकडाचं खटखट वाजवतात. त्या वर्षी क्रुसाचं चुंबन घ्यायची लाईन देवळाबाहेर उन्हात गेली होती, सगळी गर्दी, लहान पोरं रडतायत, आणि माझ्यापुढे अर्नाळ्याचा एक म्हातारा कोळी होता, हातावर जाळ्याच्या दोरीचे वळ. तो वाकला आणि उठलाच नाही पटकन, पाच सहा सेकंद असेल, मागचे ढकलत होते. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण मला तेव्हा कळलं की हा माणूस कोणाशी तरी बोलतोय. बस एवढंच, माझं स्वतःचं काही नाही, दुसऱ्याचं बघितलं. मग मी वाकलो आणि मला लाकडाला आलेला लोकांच्या घामाचा वास आला. हसू नकोस.

दुसरी गोष्ट तुला अर्धी माहिती आहे. आजोबा गेले तेव्हा मी इथेच होतो. सुट्टीचा कागद हलायला इतका वेळ लागला की तोवर दफन होऊन गेलं, त्याबद्दल आता लिहीत नाही, लिहिलं तर अख्खी रात्र जाईल. दफनाच्या आदल्या संध्याकाळी घरी रोजरी होती, तू लहान होतीस, काकाने फोन कपाटावर उभा करून ठेवला होता आणि मी इथे जिन्यात बसलो होतो कारण रूममध्ये रेंज येत नाही. नेट असं होतं की तुमचा आवाज दोन सेकंद उशिरा येत होता. म्हणजे मी "पवित्र मारिये" संपवायचो तेव्हा तुमचं सुरू व्हायचं, चाळीस पन्नास माणसं, काकाचा आवाज फुटलेला, आणि आजीचा सगळ्यात वर, एकदम सरळ, रोजच्यासारखा. आणि मी लहानपणापासून, हिशोब कर, दिवसाला ५३ धरून, किती हजार वेळा बोललो असेन "पवित्र मारिये"चा तो शेवट, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, आणि कधी ऐकलंच नव्हतं मी काय बोलतोय ते. त्या दिवशी ऐकलं. प्रत्येक वेळी दोनदा, एकदा माझ्या तोंडून आणि मग दोन सेकंदांनी वसईवरून.

तेव्हा देव जिन्यात आला होता का? मला माहीत नाही बाय, मी खोटं नाही सांगणार. मी रडलो पण नाही. पण मी एकटा नव्हतो एवढं पक्कं, आणि ते फक्त फोनमुळे नव्हतं, कारण नेट मध्येच गेलं आणि मी शेवटची दोन दशकं एकट्यानेच बोललो आणि तरी तसंच वाटत राहिलं. तेव्हा मला आजीचं ते दोन्ही बाजूंचं बोलणं समजलं थोडं.

इथलं, दोह्यातलं चर्च तू फोटोत बघितलंस. २००८ मध्ये उघडलं, जमीन अमीरनेच दिली. बाहेरून क्रूस नाही, घंटा नाही, गेटवर बॅगा तपासून आत सोडतात, एखादं मोठं ऑफिस वाटेल. रविवारची मिस्सा शुक्रवारी कारण सुट्टी शुक्रवारी. मल्याळम, तमिळ, कोकणी, फिलिपिनो, अरबी, एक सुटली की दुसरी, पार्किंगमध्ये हीऽऽ गर्दी. मी इंग्लिशवाल्या मिस्सेला जातो आणि खरं सांगायचं तर चारपैकी तीन शुक्रवारी माझं लक्ष एसीवर असतं, मेंटेनन्सवाला माणूस ना, आवाजावरून कळतं कॉम्प्रेसर कधी जाणार. तरी जातो. पहिली दोन वर्षं जात नव्हतो, काही होत नाही म्हणून, आणि मग त्या जिन्यातल्या दिवसानंतर डोक्यात आलं की त्या दिवशी तोंडात जे शब्द होते ते काय मी त्या दिवशी शोधले होते? ते आजीने चिमटे काढून काढून आधीच भरून ठेवले होते. जाणवणं काय आपल्या हातात नाही, पण जाऊन बसणं आहे.

बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवते ना, होरेब डोंगरावरची? आधी वादळ, मग भूकंप, मग आग, आणि देव त्या तिन्हीत नव्हता, नंतर एक अगदी मंद आवाज आला. आता ह्याचा अर्थ रिट्रीटमध्ये रडणाऱ्या मुली खोट्या असा काढू नकोस. कोणाच्या घरी काय चाललंय आपल्याला काय माहीत, काहींचं खरंच मोकळं होत असेल, होऊ दे. मला फक्त ते आवडत नाही जेव्हा स्टेजवरून कोणी विचारतं, कोणाकोणाला स्पर्श झाला, हात वर करा. तेव्हा तू हात वर केला नाहीस, त्याचा मला अभिमान वाटला. आईला सांगू नकोस मी असं लिहिलं ते.

बरं, तुमचे साडेसात म्हणजे माझे पाच, त्या वेळी मी कॅम्पच्या बसमध्ये असतो, पाऊण तास. आजीला सांग फोन अल्ताराजवळ ठेवायला, कपाटावर नको, आवाज घुमतो. मी इअरफोन लावून म्यूटवर राहीन, बसमध्ये मोठ्याने बोलता येत नाही. शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात. पहिलं गेथशेमानी बागेचं, ते ह्या वेळी तू सांग. त्यात येशू तीन वेळा जाऊन प्रार्थना करतो, आणि मत्तयने मुद्दाम लिहून ठेवलंय की तिसऱ्या वेळी पण त्याने तेच शब्द बोलले. आणि शिष्य तिन्ही वेळा झोपलेले असतात, आपल्या आजोबांसारखे.

पप्पा